निकाल आधी की संवाद?

‘आधी वर्ग की आधी वर्ण?’ याचा निकाल लागल्याशिवाय ऐक्य अशक्य, असे मानणारे पोथीनिष्ठ पंडित अमेरिकेतील कृष्णवर्णीय डाव्यांतही आहेत. वस्तुतः कोंबाही रिव्हर कलेक्टिव्हच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी १९७७ मध्येच सांगितले होते की, वर्ण, वर्ग आणि लिंग यांचे जाच एकमेकांत गुंतलेले असतात. ज्या बाईला ते एकाच वेळी सोसावे लागतात, तिने कोणत्या निकालाची वाट पाहावी?

१९३६ मध्ये शिकागोत नॅशनल निग्रो काँग्रेस भरली. समाजवादी कामगारपुढारी ए. फिलिप रँडॉल्फ अध्यक्ष झाले; कम्युनिस्टही सोबत होते. मात्र संघटना कम्युनिस्टांच्या धोरणामागे फरफटते आहे, असे म्हणत १९४० मध्ये रँडॉल्फ बाहेर पडले. मतभेद घातक नव्हते. घातक ठरली ती एकाच पक्षाची सरशी.

१९९८ मध्ये त्याच शिकागोत ब्लॅक रॅडिकल काँग्रेससाठी सुमारे २,००० लोक जमले. मॅनिंग मॅरेबल, बार्बरा रॅन्सबी हे प्राध्यापक आणि बिल फ्लेचर यांच्यासारखे कामगार-संघटक एकत्र बसले. समाजवादी, राष्ट्रवादी, स्त्रीवादी, कोणालाही आपला झेंडा खाली ठेवावा लागला नाही. पुढे ही चळवळ ओसरली, हे खरे. पण त्याचे खापर संवादावर फोडू नये. मेळाव्यातील संवाद रोजच्या लढ्यात उतरला तरच टिकतो.

आपण उपदेश करू नये. ब्लॅक पँथरपासून स्फूर्ती घेऊन १९७२ मध्ये मुंबईत जन्मलेली दलित पँथर १९७४ मध्ये ‘मार्क्स की आंबेडकर’ या वादात दुभंगली. धडा दोघांनाही एकच आहे.