किती किरण पुरेसे?

पडेगावहून घाटी रुग्णालयात किंवा शहरातल्या एखाद्या खासगी केंद्रात सीटी स्कॅनला जाणारा माणूस खर्च विचारतो, रिपोर्ट कधी मिळेल ते विचारतो. किरणांच्या मात्रेबद्दल सहसा कुणी विचारत नाही. कोविडकाळात एचआरसीटी हा शब्द घराघरांत पोहोचला. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने छातीच्या या सीटी तपासणीचे दरही ठरवून दिले. मात्रेची चर्चा मात्र मागेच राहिली. म्हणून हा अंक यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञांसाठी.

छातीच्या नेहमीच्या सीटीत साधारण ७ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते, छातीच्या एका एक्स-रेच्या कितीतरी पट. बाकी सेटिंग तेच ठेवून एमएएस निम्मा केला की मात्राही निम्मी होते. प्रतिमा दाणेदार दिसते, पण मूतखडा शोधायला तेवढी बहुधा पुरते. लहान मुलावर मोठ्यांचा प्रोटोकॉल चालवणे आम्हाला अक्षम्य वाटते. तरी सारा दोष तंत्रज्ञांच्या माथी मारणे अन्यायाचे. बाहेर रांग असते आणि सीटीडीआय, डीएलपी हे मात्रेचे पडद्यावरचे आकडे नीट समजावून सांगणारे कुणी भेटतेच असे नाही. या अंकात आम्ही ते आकडे समजावून सांगितले आहेत.

तुमच्या केंद्रात मुलांसाठी वेगळा प्रोटोकॉल आहे का? तो कुणी ठरवला? आम्हाला जरूर लिहा.