महिला दिनाला हापूसचा काय संबंध?

८ मार्चला एका आंबेवाल्याचा संदेश मोबाइलवर आला. गुलाबी पार्श्वभूमी, मधोमध हापूस, खाली ‘नारीशक्तीला वंदन’. घराघरांत ‘यंदा पेटी कितीला?’ ही चौकशी सुरू होण्याचे ते दिवस. पण पेटीचा भाव तेवढा त्यात नव्हता.

असले नमुने दाखवूनच जाहिरातीच्या धंद्यातले काही मित्र म्हणतात की, वर्षभराचा मजकूर आधी ठरवण्याचे खूळच वाईट. तक्ता आला की उत्स्फूर्तता गेली. मग हमखास अमूलचा दाखला येतो. ठिपक्यांच्या फ्रॉकमधली ती मुलगी १९६६ पासून लोकांपुढे आहे, ताज्या बातमीवर कोटी करते; ती काय कॅलेंडर बघून? दाखला चांगला आहे, पण साक्ष उलटी देतो. तिथे बातमी तेवढी नवी असते. मुलगी तीच, लोणी तेच, चित्राची धाटणी तीच. कोणी आणि कोणत्या सुरात बोलायचे हे ठरलेले असते, म्हणून काय बोलायचे ते आयत्या वेळी सुचू शकते. ज्याचे काहीच ठरलेले नाही, त्याची उत्स्फूर्तता म्हणजे रात्री अकरा वाजता डिझायनरला केलेला फोन.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मोहर लांबला, अवकाळी आला, तर तक्ता काय चाटायचा? कबूल. पण तक्ता दगडात कोरायला कोणी सांगितले? आपले सणसुद्धा एका तारखेला बसत नाहीत. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला. गेल्या वर्षीचा तक्ता तसाच उतरवून काढणारा इथेच आपटतो. आणि मोहर लांबला, तर तीच त्या आठवड्याची बातमी. गिऱ्हाइकाला ती बागाइतदाराकडून कळलेली आवडते.

दोष आहे तो तक्ता दिनविशेषांनी भरण्यात. तो गिऱ्हाइकाच्या प्रश्नांनी भरावा. जानेवारीत: मोहर कसा आहे? मार्चमध्ये: भाव एवढा का? एप्रिलमध्ये: हा कोकणातलाच ना, की कर्नाटकचा? (हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते नेमके काय हे सांगायची जागा ही.) कार्बाइडवर पिकवलेला नाही ना? घरी आढी कशी लावायची?

आणि साका. आंबा बाहेरून सोन्यासारखा, सुरी फिरवली की कोयीभोवती पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गर. गिऱ्हाइकाला वाटते फसवले. विक्रेता म्हणतो, बाहेरून दिसत नाही हो. विक्रेता खोटे बोलत नसतो. पण कापलेली फोड समोर असताना तेच बोलणे सबब वाटते. पंधरा दिवस आधी, बदली फळाच्या हमीसकट सांगितले असते, तर ती माहिती ठरली असती. मजकूर तोच, तारीख चुकली. तक्ता लागतो तो एवढ्यासाठी.

१९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला. तेव्हापासून, दिवाळीचे लेखन दिवाळीच्या बरेच आधी करायचे असते, हे मराठी लेखकाला वेगळे शिकवावे लागलेले नाही. आमच्या आंबेवाल्यालाही ते जमेल. त्याने पुढच्या ८ मार्चच्या चौकटीत पेटीचा भाव लिहावा. बायकांनाही तोच हवा असतो.