चिऊताईचें घर आणि मुलांचीं अक्षरें

लहान मुलांस तिसऱ्या-चौथ्या वर्षींच बालवर्गांत धाडण्याची चाल आतां शहरांतून सर्वत्र रूढ झाली आहे, आणि ती इष्टच आहे. परंतु यांपैकीं पुष्कळ वर्गांत सकाळीं जें दृश्य दिसतें तें पाहून समाधान वाटत नाहीं. भिंतीवर रंगांचा तक्ता टांगलेला असतो, बाई एकेक चौकोन दाखवितात, आणि मुलें एका सुरांत 'लाल, हिरवा, पिवळा' असें ओरडतात. नंतर पाटीवर 'अ' गिरविण्याचा क्रम सुरू होतो. भरलेली पाटी पाहून पालक संतुष्ट होतात. पण तेंच मूल वडिलांचें बोट धरून मंडईंत गेलें, आणि 'यांतली हिरवी मिरची दाखव' असें त्यास सांगितलें, तर तें पुष्कळदां गोंधळून उभें राहतें. रंगाचें नांव त्याच्या तोंडीं बसलेलें असतें, वस्तूशीं जडलेलें नसतें.

यांत मुलाचा दोष नाहीं. पोपट हिरवा, मिरची हिरवी आणि पान हिरवें. एकाच रंगाचीं हीं तीन रूपें आपल्या भाषेंत आहेत, आणि तीं रंगवलेल्या चौकोनावरून उमजणें शक्य नाहीं. शिवाय चेंडू हातांत धरतां येतो, तांबडेपणा धरतां येत नाहीं. मूल आधीं वस्तु ओळखतें, मग तिचा गुण. इंग्रजी बोलणाऱ्या दोन वर्षांच्या मुलांवर केलेले कांहीं प्रयोग २०१० सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत असें आढळलें कीं, रंगाचें नांव वस्तूच्या आधीं न सांगतां वस्तूच्या नांवानंतर सांगितलें, म्हणजे 'तांबडा चेंडू' याऐवजीं 'चेंडू तांबडा आहे' अशा रीतीनें सांगितलें, तर मुलें रंग अधिक चांगला शिकतात. आमच्या कापडाच्या व्यापाऱ्यांस यांत नवल वाटणार नाहीं. पोपटी, मोरपंखी, डाळिंबी, जांभळा, तपकिरी हे शब्द ते रोज उच्चारतात, आणि त्यांतील प्रत्येक शब्द कोणत्या तरी पक्ष्यावरून, फळावरून वा पदार्थावरून आलेला आहे. आपल्या भाषेनेंच रंग वस्तूंपासून घेतले आहेत. मुलानेंही ते तेथूनच घ्यावेत हें सरळ आहे.

आणि वस्तूंस जिवंत करणारें साधन म्हणजे गोष्ट. शेणाच्या घरांतला कावळा आणि मेणाच्या घरांतली चिमणी कोणत्या मराठी घरांत ठाऊक नाहींत? ढग कसा आला, कावळा कसा दिसतो, असें गोष्ट सांगतां सांगतां विचारलें कीं 'काळा' हा शब्द मुलाच्या मनांत कायमचा बसतो. गोष्ट संपल्यावर चिमणीचें चित्र काढून त्याखालीं 'चिऊ' एवढें लिहावें. देवनागरींत ऱ्हस्व वेलांटी लिहितांना अक्षराच्या आधीं येते, पण तिचा उच्चार अक्षरानंतर होतो. नुसती बाराखडी घोकणाऱ्या मुलास हें कोडेंच वाटतें. परंतु जिच्यासाठीं तें पावसांत हळहळलें तिचें नांव तें अखंड ओळखतें, आणि पुढें 'चिखल' व 'चित्र' यांतला 'चि' आपणच शोधून काढतें. बाराखडी टाकून द्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. तिची पाळी गोष्टीनंतर यावी इतकेंच.

हा विचार परका नाहीं. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगर येथें बालमंदिर काढलें, आणि गोष्ट हें शिक्षणाचें मुख्य साधन मानलें. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें, आणि पुढें अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर, गरीब व आदिवासी मुलांसाठीं बालवाड्या चालविल्या. महागड्या साहित्याऐवजीं भोंवतालीं फुकट मिळणाऱ्या वस्तूंवर त्यांनीं काम भागविलें. टेकडीवर जें साधलें तें आमच्या सुखवस्तु पेठांत कां साधूं नये?

गोष्टींत वेळ जातो, आणि पुढें शाळेंत मूल मागें पडेल, अशी शंका कित्येक पालक घेतात. त्यांनीं 'असर'चा २०२२ चा अहवाल पाहावा. ग्रामीण भारतांत पांचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांस दुसरीचा धडा वाचतां आला नाहीं. हीं मुलें शाळेंत जात नव्हतीं असें नाहीं. पांचवीपर्यंत पोहोंचूनही त्यांची ही स्थिति होती. त्यास कारणें अनेक असतील, परंतु अर्थाशिवाय अक्षर हें त्यांपैकीं एक आहे असें आम्हांस वाटतें. आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. ज्या घरांत आईस वाचतां येत नाहीं तेथें तक्ता व पुस्तक निरुपयोगी ठरतात, पण गोष्ट त्या आईसही येते. मोलकरणीच्या मुलास आणि सावकाराच्या मुलास आरंभीं सारखें देतां येईल असें शिक्षण हेंच एक आहे.

म्हणून वाचकांस आमची विनंति थोडी आहे. मुलास घरीं नेतांना 'आज किती अक्षरें गिरवलींस?' असें न विचारतां 'आज कोणती गोष्ट ऐकलीस?' असें विचारावें. पालक जें विचारतील तेंच वर्गांत होऊं लागेल. दुकान बंद केल्यावर पाव तास वडिलांनींही गोष्ट सांगावी. हें काम केवळ आजीचें नव्हे. आणि कापडाच्या व्यापाऱ्यांनीं दहा-बारा रंगांचीं कात्रणें एका पिशवींत भरून जवळच्या अंगणवाडींत नेऊन द्यावीं. जीं कात्रणें संध्याकाळीं केरांत जातात, त्यांतून तेथें कावळा, चिमणी आणि पावसाचा ढग तयार होईल.