अर्धा पडदा धड्याला, अर्धा सरावाला
पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावर, कार्ले आणि भाजे येथील लेण्यांच्या मध्ये वसलेल्या मळवलीतील एखाद्या विद्यार्थ्याला किंवा हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराला संगणकावरील रोजच्या कामाची साधने शिकायची असतील, तर लांबलचक ऑनलाइन व्याख्यानांपेक्षा मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प अधिक उपयोगी ठरावा. त्यातील सुमारे 10 मिनिटांची ध्वनिचित्रफीत म्हणजे चालू सॉफ्टवेअरच्या पडद्याचे निवेदनासह केलेले चित्रण असते. शिकणाऱ्याने अर्ध्या पडद्यावर ती लावावी, उरलेल्या अर्ध्यावर तेच सॉफ्टवेअर उघडावे आणि फीत थांबवत थांबवत प्रत्येक कृती स्वतः करून पाहावी, अशी तिची रचना आहे. येथे शिकवली जाणारी साधने मुख्यतः मुक्त स्रोत प्रकारची, म्हणजे ज्यांची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता आणि बदलता येते अशी, असल्यामुळे पत्रे व कोष्टके यांसाठीचे लिब्रेऑफिस किंवा छायाचित्रे सुधारण्याचे गिंप परवान्याचे पैसे न भरता वापरता येते. अनेक फितींचे निवेदन मराठीतही आहे, आणि फिती उतरवून घेतल्यास इंटरनेटशिवाय पाहता येतात, ही सोय (तिची चर्चा फारशी होत नाही) शिकून मिळणाऱ्या प्रमाणपत्रापेक्षा मोलाची मानावी लागेल. मात्र काही फिती सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांवर बेतलेल्या असल्याने त्यांतील मेनू समोरच्या मेनूशी जुळत नाहीत आणि नवशिक्याला तेथे थोडे चाचपडावे लागते.