शेजारची वाटी

मराठी घरातील वाटीला दोन कामे नेमून दिलेली आहेत. पहिले काम मोजण्याचे. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 1910 मध्ये 'गृहिणीमित्र' या ग्रंथात हजार पाककृती एकत्र केल्या, आणि पुढे 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले. 'रुचिरा'ने तराजूची अडचण दूर ठेवली. वाटी आणि चमचा हीच मापे धरली. माहेरापासून दूर, परमुलुखात संसार मांडलेल्या कितीतरी नवविवाहितांना त्या वाटीच्या मापाने आधार दिला. वाटीचे दुसरे काम मात्र कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते म्हणजे भिंतीपलीकडे जाण्याचे. घरात काही विशेष झाले की वाटीभर शेजारी पाठवायचे, आणि शेजारची वाटी परत करताना ती रिकामी धाडायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हा रिवाज आपल्या सर्वांच्या घरी होता. पुष्कळांच्या घरी तो अजूनही आहे.

माळव्यातील मराठी स्वयंपाक घडला तो या दुसऱ्या वाटीमुळे, असे मला वाटते. 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली. देशावरची, कोकणातली, खानदेशातली कुटुंबे चाकरीच्या निमित्ताने येथे आली आणि येथलीच झाली. येताना त्यांनी गोडा मसाला आणला, आमसुले आणली, मेतकूट आणले. पण भाजीबाजार माळव्याचा होता, पाणी माळव्याचे होते आणि भिंतीपलीकडची चूलही माळव्याचीच होती. त्या चुलीवर काय रटरटते आहे याचे कुतूहल आपल्या आज्या-पणज्यांना वाटले नसते, तर आज आपल्या घरी भाद्रपदात भुट्ट्याचा कीस झाला नसता आणि थंडीत गराडू तळले गेले नसते.

किसाचेच उदाहरण घेऊ. साहित्य सांगायला दोन ओळी पुरतात: कोवळी कणसे, तूप, मोहरी, जिरे, हिंग, हिरव्या मिरच्या, दूध, मीठ, चवीपुरती साखर, लिंबू आणि कोथिंबीर. परंतु एवढे वाचून केलेला कीस पहिल्या खेपेस बहुधा लापशी तरी होतो, नाहीतर तळाला धरतो. आमच्या आईला ही कृती शेजारच्या माळवी भाभींनी शिकवली आणि त्यांनी सांगितलेल्या खुणा कोणत्याही यादीत न मावणाऱ्या होत्या. दाणा नखाने दाबला असता दूध आले पाहिजे. न आल्यास ते कणीस भाजून खावे, किसू नये. कणीस किसणीवरच किसावे, वाटू नये; वाटले की त्याची खळ होते. तीन वाट्या किसाला पाव वाटी तूप घेताना हात आखडू नये. फोडणीत कीस घातल्यावर तो मंद आचेवर परतत राहावे, आणि त्याचा कच्चा वास जाऊन कडेने तूप दिसू लागेपर्यंत दुधाला हात लावू नये. मग वाटीभर दूध, तेही गरम, थोडे थोडे घालावे, आणि प्रत्येक वेळी ते किसात मुरले की पुढचे घालावे. "घाई झाली असेल तर आज पोहे कर, कीस उद्या कर," असे भाभी आईला म्हणत. बाजारात आज मिळणारा पिवळा गोड मका वापरून पाहणाऱ्यांना त्यांची आणखी एक खूण उपयोगी पडेल: कीस पांढऱ्या देशी भुट्ट्याचाच करावा. गोड मक्याला पाणी सुटते आणि तिखट-आंबट चवीवर त्याची साखर कुरघोडी करते.

कधी कधी शेजारचा पदार्थ नावाने फसवतो. 1947 नंतर सिंधी कुटुंबे इंदुरात आली आणि त्यांच्याबरोबर त्यांची कढी आली. कढी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ताक येते. सिंधी कढीत ताकाचा थेंबही नसतो. तेलात बेसन तांबूस होईपर्यंत भाजायचे, त्यात पाणी घालून उकळायचे, शेवग्याच्या शेंगा, भेंडी, गवार, बटाटा अशा भाज्या शिजवायच्या आणि चिंचेचा कोळ घालून ती भातावर घ्यायची. पहिला घास घेताना मराठी जीभ गोंधळते. तिसऱ्या घासाला तिला आमटीची आठवण येते. आणि ही आमटीही नव्हे, ही स्वतंत्रच वस्तू आहे, हे तिला हळूहळू उमगते. उलट काही पदार्थ परके वाटतात आणि आप्त निघतात. माळव्याचा बाफला आधी उकळून मग शेकतात आणि तुपात बुडवतात. खानदेशातून आलेल्या घरांना त्यात आपल्या वरण-बट्टीचे चुलत नाते लगेच ओळखू येते.

येथपर्यंतची हकीकत गोड आहे. पण तिची दुसरी बाजू सांगितली नाही तर ती अपुरी राहील. आमच्या आजीचे सोवळे कडक होते. भाभींच्या घरून किसाची वाटी येई तेव्हा आजी ती हसतमुखाने घेई, भाभींच्या मुलाबाळांची विचारपूस करी. परंतु ती वाटी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे. पडवीतल्या पडवीत ती मोलकरणीच्या मुलाला मिळे. तोच कीस आईने आमच्या चुलीवर, आमच्या तुपात केला म्हणजे आजी दोनदा मागून घेई आणि "भाभीसारखा साधला हो," अशी पावतीही देई. कृती आम्ही घेतली, वाटी घेतली नाही. हे भाभींना ठाऊक नव्हते असे नाही. अशा गोष्टी शेजारणीपासून लपत नसतात. तरीही त्यांनी वाटी पाठवणे थांबवले नाही, आणि आईनेही दुपारी त्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्याच ताटलीत कीस खाणे सोडले नाही. आजीला तेही ठाऊक होते. घरात त्याविषयी कधी शब्द निघाला नाही. दोन्ही घरांचा स्नेह टिकला तो भाभींच्या क्षमेवर आणि आईच्या त्या ओट्यावरच्या बैठकीवर, हे मोठेपणी माझ्या ध्यानात आले.

आजीला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. तिच्या काळात घरोघर हीच रीत होती, आणि भाभींच्या घरच्या वडीलधाऱ्या बायकाही आणखी कोणाच्या तरी वाटीशी असेच वागत असतील. परंतु ज्या शुद्धतेसाठी हा सारा आटापिटा होता, ती ताटात किती होती हे पाहण्यासारखे आहे. उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. आज आपल्याकडे मिळणारा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. त्याचे कारखाने तामिळनाडूत सेलमच्या परिसरात 1940 नंतरच्या दशकात उभे राहिले. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा तिकडचाच. हिरवी मिरचीही अमेरिका खंडातलीच. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या आणि इतरांच्या गलबतांतून ही मंडळी आपल्याकडे उतरली. ज्या किसाला आपण माळव्याचा म्हणतो, त्यातला मकाही त्याच खंडाचा पाहुणा. एकादशीच्या ताटात समुद्रापलीकडचे चार पाहुणे मानाने बसतात आणि भिंतीपलीकडची वाटी मात्र पडवीत थांबते, ही विसंगती आजीच्या नजरेस कोणी आणून दिली असती तर ती काय म्हणाली असती, याची मला मौज वाटते. ती बुद्धिमान होती. बहुधा तिने विषय बदलला असता.

देवाणघेवाण एका बाजूनेच झाली असेही नाही. पोहे मराठी मंडळींनी इंदुरात आणले असे येथे सांगतात. माळव्याने ते आपल्या परीने पारखले. भिजवलेल्या पोह्यांचे पातेले उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून ते वाफेवर मऊ ठेवले, बडीशेपेची चव दिली, वरून शेव आणि जिरावण भुरभुरले आणि शेजारी जिलेबी मांडली. जिरे, धने, बडीशेप, सुंठ, आमचूर, काळे मीठ यांचे हे जिरावण आज मराठी घरांतल्या मिसळणाच्या डब्यात गोड्या मसाल्याच्या बरोबरीने बसले आहे. सराफ्यात रात्री मिळणारी खिचडीही आपलीच लेक; सासरी जाऊन तिने तिकडचे लेणे ल्याले, एवढेच. पुण्याहून आलेले पाहुणे कधी कधी नाक मुरडून म्हणतात, "हे काही आपले पोहे नव्हेत." त्यांचे म्हणणे खरे आहे. ते आपले आणि शेजाऱ्यांचे, दोघांचे मिळून पोहे आहेत.

आज नवा पदार्थ शिकायला भिंतीपाशी उभे राहण्याची गरज उरलेली नाही. मोबाइलच्या पडद्यावर कोणत्याही प्रांताची, कोणत्याही देशाची गृहिणी पाच मिनिटांत आपली कृती दाखवते. ही सोय मोठी आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पुस्तकात न दिसणारा हात तेथे दिसतो. फक्त तो हात आपल्या पातेल्यात डोकावून, "थांब, अजून तूप सुटले नाही," असे म्हणत नाही. आणि दुसरे असे की, पडद्यावरच्या बाईंना वाटी परत करता येत नाही. सुदैवाने जुन्या भिंतीची जागा घेणाऱ्या काही जागा अजून आहेत. आमच्या शाळेत मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत डबे उघडतात तेव्हा निमाडच्या ज्वारीच्या भाकरीपासून केरळच्या पुट्टूपर्यंत सारे एका टेबलावर येते. कोण कोणाच्या डब्यातले घेतो आणि कोण नुसती कृती विचारून आपला डबा उघडतो, हे शांतपणे पाहिले म्हणजे आजीची पडवी अजून पुरती मोडलेली नाही, असेही कधी कधी दिसून येते.

म्हणून नवे पदार्थ करून पाहण्याची हौस असलेल्या भगिनींना, आणि अलीकडे स्वयंपाकघरात रमू लागलेल्या बंधूंनाही, तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही की, पदार्थ शक्यतो ज्याचा त्याच्या घरी, त्याच्या ताटात आधी खावा. कृती त्यानंतर विचारावी. जिभेला मूळ चव ठाऊक नसेल तर हाताने कशाचा माग काढायचा? दुसरी ही की, पहिल्या खेपेस तो त्यांच्याच पद्धतीने करावा. गूळ, गोडा मसाला, ओले खोबरे ही आपली शस्त्रे पहिल्याच दिवशी परजू नयेत. दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकून घेण्यासारखेच हे आहे. आपले मत पुढे आहेच. आणि तिसरी ही की, वहीत कृतीच्या डोक्यावर देणाऱ्याचे नाव लिहावे. आईच्या वहीत 'भुट्ट्याचा कीस' असे शीर्षक नाही; 'भाभींचा कीस' असे आहे. ज्या बायकांच्या नावे कोठे पाटी लागली नाही, पुस्तक निघाले नाही, त्यांचे नाव एवढ्यापुरते तरी पुढच्या पिढीच्या तोंडी राहते.

पावसाळा आला की कणसे बाजारात येतील. वरील खुणांनी कीस करून पाहावा. तो साधला तर पहिली वाटी शेजारी पाठवावी. आणि शेजारून काही आले, मग ते घर कोणाचेही असो, तर ती वाटी पडवीत ठेवू नये. सर्वांच्या पानांत थोडे थोडे वाढावे, आणि चव कशी लागली हे त्या घरी स्वतः जाऊन सांगावे.