हौसेची वाट आणि गरजेची वाट

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या लोणखेड्यात एक नवी मोटारसायकल येऊन उभी राहिली आणि अर्ध्या तासात तिच्याभोवती पंधरावीस पोरे जमली. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या एका मित्राच्या थोरल्या भावाची ती गाडी. उंच हँडल, मोठे पुढचे चाक, खोल नक्षीचे टायर, खाली इंजिनाला लोखंडी पत्र्याचे संरक्षण. कोणी आरशात भांग पाडला, कोणी बसून फोटो काढला. शेवटी पारावरचे एक आजोबा उठून आले, गाडीला एक फेरी मारली आणि आपल्या अहिराणीत त्यांनी सर्वांच्या मनातला प्रश्न विचारला, "कितलाले लिधी रे भाऊ?" किंमत ऐकल्यावर त्यांनी टोपी सारखी केली आणि काही न बोलता ते पुन्हा पारावर जाऊन बसले.

त्या गाडीवर मी एक दिवस तोरणमाळपर्यंत जाऊन आलो. तेव्हापासून तिच्याविषयी जे वाटते ते लिहावे म्हणून हा लेखनप्रपंच. गाडीचे नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नसून एका जातीच्या गाडीचा आहे. या जातीला 'स्क्रॅम्बलर' म्हणतात.

हा शब्द इंग्लंडातला. 1924 साली तेथे कॅम्बर्लीच्या परिसरात माळरानावर, चिखलात, चढउतारांवर मोटारसायकली पळवण्याची शर्यत झाली, आणि अशा धडपडीच्या शर्यतींना 'स्क्रॅम्बल' हे नाव पडले. पुढे लोक रस्त्यावरच्याच साध्या गाड्या घेऊन त्यांत बदल करू लागले. सायलेन्सर दगडाला लागू नये, पाण्यात बुडू नये म्हणून वर उचलून बांधायचा. हँडल रुंद करायचे, म्हणजे उभे राहून गाडी चालवता येते. शॉकअप जास्त खाली-वर होणारे घालायचे. साठीच्या दशकात होंडा, ट्रायम्फ, डुकाटी अशा कंपन्या तयार स्क्रॅम्बलरच विकू लागल्या. म्हणजे स्क्रॅम्बलर ही निव्वळ डोंगरातली गाडी नव्हे आणि निव्वळ डांबरावरचीही नव्हे. दोन्हीकडे चालावी अशी ती तडजोड आहे.

आज या वर्गातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे ट्रायम्फची 'स्क्रॅम्बलर 400 एक्स'. नाव विलायती, पण गाडी तयार होते आपल्या पुणे जिल्ह्यात, बजाजच्या चाकणच्या कारखान्यात. 2023 च्या ऑक्टोबरात ती आली तेव्हा शोरूमची किंमत 2 लाख 63 हजार रुपये होती. 398 सीसीचे इंजिन, 40 पीएस ताकद, सहा गिअर, 13 लिटरची टाकी, पुढचे चाक 19 इंची, वजन 185 किलो आणि बसण्याची जागा जमिनीपासून 835 मिलिमीटर उंच. तेल बदलायचे ते 16,000 किलोमीटरवर. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल बटणाने बंद करता येतात. ते का बंद करायचे, असे मीही विचारले होते. डांबरावर ब्रेक दाबल्यावर चाक अडकू नये म्हणून एबीएस लागते. पण भुसभुशीत मुरमावर चाक थोडे अडकले तर त्याच्यापुढे मातीचा बांध तयार होतो आणि गाडी लवकर थांबते. एवढा बारीक विचार ज्यांनी केला त्यांच्या कारागिरीला नमस्कारच केला पाहिजे.

आता माझ्या स्वारीविषयी. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करीत तोरणमाळ सुमारे 50 किलोमीटर. सपाटीवर केळी, ऊस, कापूस; राणीपूर मागे पडले की सातपुडा अंगावर येतो. मी हेल्मेट घालून पुढे आणि दादा मागे. खरे सांगतो, घाटात त्या गाडीने माझे मन जिंकले. आमच्या घरच्या शंभर सीसीच्या गाडीवर दोघे बसलो की याच चढावर पहिला-दुसरा गिअर सोडवत नाही. ही गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढत होती. खड्डा आला की मी सवयीने दात आवळत होतो आणि खड्डा मात्र केव्हाच मागे गेलेला असे. मोठे चाक दगडावर आपटत नाही, त्याच्यावर चढून जाते, हे पुस्तकी वाक्य मला त्या दिवशी अंगाने कळले. वर यशवंत तलावाच्या काठी उभे राहिलो तेव्हा वाटले, आयुष्यात एकदा तरी अशी गाडी आपली असावी.

उतरताना दादा म्हणाले, "चल, थोडी कच्च्या वाटेने घेऊ." एका पाड्याकडे जाणारी वाट होती, सुटे खडे आणि मध्ये पावसाने पाडलेली नाळ. तेथे मी वेग कमी केला, तोल सांभाळायला डावा पाय सोडला आणि पाय जमिनीला पोचलाच नाही. गाडी हळूच कलंडली. लागले कोणालाच नाही. दोष गाडीचा नव्हता, माझ्या उंचीचा आणि अननुभवाचा होता. पण ते धूड दोघांनी मिळून उचलताना एक विचार मनात आला: मी एकटा असतो तर?

त्याच वाटेवर पुढे एक म्हातारे बाबा भेटले. डोक्यावर दळणाचे गाठोडे. पाडा अजून दोनअडीच किलोमीटर होता. दादा भल्या मनाचे. ते म्हणाले, "मी थांबतो इथेच. तू बाबांना सोडून ये." मी गाडी उभी धरली. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पाय उचलला, पुन्हा उचलला. पण मागची बैठक त्यांच्या कमरेच्याही वर. दळण ठेवायला कॅरिअर नाही, बांधायला कडी नाही. टाकीचा आकार असा की गाठोडे ठेवले की घसरते. दोनदा प्रयत्न करून बाबा हसले आणि म्हणाले, "राहू दे भाऊ, मी जाईन पायी." तेवढ्यात मागून एक जुनी शंभर सीसीची गाडी आली. तिच्यावर आधीच दोघे. त्यांनी दळण टाकीवर घेतले, बाबांना मध्ये घेतले आणि तिघे धुरळा उडवीत निघून गेले. तिघांनी बसणे कायद्याला धरून नाही आणि सुरक्षितही नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या क्षणी सव्वा पट नव्हे, कित्येक पट महागाची आमची गाडी उभी राहिली आणि जुनी गाडी कामाला आली, हे मी विसरू शकत नाही.

यात गाडी करणाऱ्यांची चूक आहे असे मला म्हणायचे नाही. ज्यांच्यासाठी ती केली, त्यांना ती हवे ते देते. आठवडाभर डांबरावर कामाला जाणारा माणूस रविवारी खडकाळ वाटेने जाऊ इच्छितो. त्याच्यासाठी वाईट वाट ही हौस आहे. ती त्याने निवडलेली असते आणि कंटाळा आला की तो परत वळू शकतो. सातपुड्यातल्या पाड्यावरच्या माणसाने ती वाट निवडलेली नाही. त्याला त्याच वाटेने बाजाराला जायचे आहे, पोराला आश्रमशाळेत सोडायचे आहे आणि रात्री घरात कोणी अडले तर दवाखाना गाठायचा आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडे आजारी माणसाला बांबूला झोळी बांधून नेतात आणि वर्तमानपत्रांनी तिला 'बांबुलन्स' असे नाव दिले आहे. ते वाचून लोक हसतात. झोळी खांद्यावर घेणाऱ्याला हसू येत नसेल.

म्हणून मी म्हणतो, या गाडीचे परीक्षण जाहिरातीतल्या चिखलाच्या फवाऱ्यावरून करू नका. आपल्या वाटेची कसोटी लावा. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाचे पाय टेकतात का? लुगडे नेसलेली आजी मागे बसू शकते का? एक पोते बांधता येते का? पडली तर एकट्याला उचलते का? लिटरमागे किती चालते? चारशे सीसीच्या इंजिनाचे उत्तर साधारण तीसच्या आसपास, आपल्या शंभर सीसीच्या गाडीचे त्याच्या दुप्पट. या सगळ्या प्रश्नांत आपली जुनी, साधी गाडी पहिल्या वर्गात पास होते आणि स्क्रॅम्बलरची गाडी अडते.

काही मित्र म्हणतील, तुला परवडत नाही म्हणून द्राक्षे आंबट. परवडत नाही हे खरेच आहे. 2025-26 च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. 2023 ची किंमत धरली तरी त्या गाडीला बत्तीस क्विंटलांहून जास्त कापूस लागतो. बियाणे, खत, मजुरी वेगळीच. आमच्या घरात इतका कापूस एका वर्षी आलेला मी पाहिलेला नाही. पण द्राक्षे आंबट नाहीत, ती गोड आहेत, हे मी वर कबूल केलेच आहे. माझी भीती वेगळी आहे. चौकात त्या दिवशी जमलेल्या पोरांपैकी दोघांनी घरी हट्ट धरल्याचे मी ऐकतो. हप्त्याने मिळते म्हणतात. हप्ता भरणारा बाप मात्र शेतावर पायी जातो.

दुसरे मित्र म्हणतील, मग आपल्यासारख्यांसाठी स्क्रॅम्बलर नकोच का? तसेही नाही. आपल्या भागाने नाव न घेता स्क्रॅम्बलर वापरलीच आहे. वडीलधारी मंडळी राजदूतच्या गोष्टी सांगतात. तीन गिअरची ती दणकट गाडी दुधाचे कॅन लटकवून शेताच्या बांधावरून जात असे. ऐंशीच्या दशकात बजाजची एम-80 आली, तिनेही तेच केले. त्या गाड्या डोंगरासाठी म्हणून कोणी विकल्या नाहीत, पण त्या हलक्या, स्वस्त होत्या आणि गावातला मिस्त्री पाना-पक्कड घेऊन त्यांना उघडू शकत होता. 2019 मध्ये हिरोने एक्सपल्स 200 आणली तेव्हा पुन्हा थोडी आशा वाटावी असे होते: वजन 154 किलो, पोटाखाली 220 मिलिमीटर जागा, सुरुवातीची किंमत लाखाच्या आत. तिचीही बैठक 823 मिलिमीटर उंच. म्हणजे अर्धा प्रश्न सुटला, अर्धा राहिला.

सरकारनेही हौस आणि गरज यांच्यात एक रेघ ओढली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांना 40 टक्के लागला. रेघ ओढली हे बरे झाले. पण सीसी मोजून वाट मोजता येत नाही. दीडशे सीसीची, दीडशे किलोच्या आतली, खाली भरपूर जागा असलेली, बुटक्या बैठकीची आणि मागे भक्कम कॅरिअर असलेली गाडी कोणी केली, तर ती आमची स्क्रॅम्बलर. ती पाड्यावर जाणाऱ्या आरोग्यसेविकेला द्या, वायरमनला द्या, वस्तीशाळेच्या गुरुजींना द्या. मुंबईत 2017 च्या ऑगस्टमध्ये मोटारसायकलवरच्या रुग्णवाहिका सुरू झाल्या, त्या गल्लीबोळांत मोठी गाडी शिरत नाही म्हणून. मोठी गाडी शिरत नाही अशा जागा आमच्या सातपुड्यात मुंबईपेक्षा कमी नाहीत.

आणि शेवटी रस्त्याचा प्रश्न उरतोच. 25 डिसेंबर 2000 रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. तिने सपाटीवर 500 आणि डोंगरी-आदिवासी भागात 250 लोकवस्तीच्या वस्त्या जोडायचे ठरवले. पुष्कळ गावांना त्यातून डांबर मिळाले, हे मान्य केले पाहिजे. पण आपल्याकडचे पाडे विखुरलेले. एका टेकडीवर दहा घरे, दुसरीवर बारा. अडीचशेचा आकडा भरता भरत नाही आणि शेवटचे दोनतीन किलोमीटर दळण डोक्यावरच राहते. वाईट रस्त्यावर चालणारी गाडी निघाली म्हणून चांगल्या रस्त्याची मागणी सोडायची नसते. उलट मला कधी कधी वाटते की जाहिरातीत आपल्यासारखीच वाट इतकी देखणी दिसते, की ती सुधारायला हवी याचा आपल्यालाच विसर पडावा.

तेव्हा मित्रहो, ज्याला परवडते त्याने स्क्रॅम्बलर जरूर घ्यावी, हेल्मेट घालून तोरणमाळला जावे, तलावाच्या काठी बसावे. गाडी उत्तम आहे. पण बापाला कर्जात घालून ती घेऊ नये, आणि कच्च्या वाटेवर कोणी दळण घेऊन चाललेले दिसले तर थांबावे. त्या बाबांना मी घरापर्यंत पोचवू शकलो नाही, ही गोष्ट मला त्या घाटातल्या आनंदापेक्षा जास्त आठवते. पुढच्या खेपेला मी घरचीच गाडी घेऊन जाणार आहे. चढावर ती कुरकुरेल, पण तिच्या मागे कॅरिअर आहे.