जुनी नौका, नवे इंजिन आणि भाराची जागा

कोकण किनाऱ्यावरील छोट्या मासेमारी नौकेचे जुने इंजिन काढून नवे बसवायचे ठरले, की चर्चा बहुधा अश्वशक्तीची, इंधनाच्या खपाची आणि किमतीची होते. नव्या इंजिनाचे वजन किती आणि ते नौकेत नेमके कोठे पडणार, हा प्रश्न मात्र नौका पाण्यात उतरून पिछाडी बसलेली दिसल्यावरच निघतो. हा क्रम उलटा व्हायला हवा, कारण अश्वशक्तीचा अंदाज थोडा चुकला तर वेग कमी पडतो, पण भार चुकीच्या जागी पडला तर तांडेल आणि खलाशी यांचे प्राण पणाला लागतात.

आउटबोर्ड, म्हणजे पिछाडीच्या फळीवर बाहेरून टांगलेले इंजिन, जुन्या दोन-स्ट्रोक प्रकाराऐवजी चार-स्ट्रोक घेतले, तर तेवढ्याच अश्वशक्तीला ते साधारणपणे अधिक जड असते. समजा ही वाढ ३० किलोची आहे आणि ती नौकेच्या मध्यापासून ३ मीटर मागे पडते; वजन आणि अंतर यांचा गुणाकार, म्हणजे आघूर्ण, ९० किलो-मीटर भरतो आणि तेवढ्या जोराने पिछाडी खाली दबते व नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, वर उचलली जाते. अशा नौकेच्या मोऱ्या, म्हणजे डेकवरचे पाणी बाहेर टाकणारी भोके, पाणरेषेखाली जाऊन उलटे पाणी आत घेऊ लागतात, आणि खाडीच्या तोंडाशी मागून येणारी लाट बुटक्या झालेल्या फळीवरून सहज आत शिरते. ४० लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ३० किलो असल्यामुळे टाकी ३ मीटर पुढे सरकवली की हिशेब जुळल्यासारखा वाटतो. परंतु इंधन जळत जाते आणि परतीच्या वाटेवर, नेमकी मासळी भरलेली असताना, तो समतोल नाहीसा होतो. त्यामुळे तोल सावरण्यासाठी न घटणारी वजनेच पुढे न्यावीत: बॅटरी, नांगराची साखळी, सुटी अवजारे. बॅटरी पुढे नेली की केबल लांबते आणि विद्युतदाब घटून इंजिन सुरू होण्यास त्रास होतो, म्हणून जाड तांब्याची केबल घ्यावी लागते. हा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरायला हवा.

इंजिन हलके झाले म्हणजे काळजी मिटली, ही समजूत तितकीच धोक्याची आहे. जुन्या लाकडी नौकेतील संथ फिरणारे जड डिझेल इंजिन पठाणाच्या, म्हणजे तळाच्या कण्याच्या, जवळ बसलेले असल्यामुळे नकळत नीरमाचे, म्हणजे नौका स्थिर ठेवणाऱ्या तळभाराचे, काम करत असते. त्याच्या जागी वेगाने फिरणारे हलके इंजिन आले की एकूण गुरुत्वमध्य वर सरकतो. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगेर याने १७४६ साली मांडलेला मेटासेंटर, म्हणजे थोड्या कलाने उत्प्लावक बलाची रेषा नौकेच्या मध्यरेषेस जेथे छेदते तो बिंदू, गुरुत्वमध्याच्या वर असेल तोवरच नौका सरळ होते, आणि या दोहोंतील अंतर घटले की तिचा सावरण्याचा जोर कमी पडतो. ही तूट रेतीच्या सुट्या पोत्यांनी भरून काढणे अयोग्य होय, कारण नौका कलताच ती घसरतात आणि फाटली तर रेती पंपात अडकते. नीरम खालच्या पातळीवर, पक्का बांधलेलाच असावा.

जुन्या नौकेचे खरे वजन कागदावर मिळत नाही. लाकडाने पाणी प्यायलेले असते, रंगाचे थर चढलेले असतात, फायबरच्या पोकळीत पाणी साचलेले असते. म्हणून जुने इंजिन काढण्यापूर्वीच, शांत पाण्यात, चारही कोपऱ्यांवर काठापासून पाण्यापर्यंतची उंची मोजून लिहून ठेवावी, काढलेले प्रत्येक वजन काट्यावर घालावे आणि नवे इंजिन बसल्यावर तीच मापे पुन्हा घ्यावीत. ही मापे सुटताना भरलेली टाकी व बर्फ, जाळे एका काठावरून ओढताना पडणारा भार आणि परतताना मासळी व वितळलेल्या बर्फाचे पाणी, अशा तिन्ही अवस्थांच्या हिशेबाला लावावी लागतात. हे हलते पाणी विशेष घातक, कारण कलाच्या बाजूला धावून ते कल वाढवते.

गुरुत्वमध्याची चाचणी मात्र खास उपकरणांशिवाय होते. बंदरात दोर सैल ठेवून नौका आडवी डुलवावी आणि दहा डुलण्यांचा वेळ मोजून दहाने भागावा. इंजिन बदलण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या आकड्यांत नंतरचा लक्षणीय वाढलेला दिसला, तर स्थिरता घटलेली असण्याची शक्यता मोठी. संथ डुलणारी नौका खलाशांना आरामदायी वाटते, आणि नेमक्या याच कारणाने हा इशारा दुर्लक्षित राहतो. कर्ज किंवा अनुदान देऊन इंजिन बदलवणाऱ्या यंत्रणांनी हे दोन आकडे आणि चार उंच्या नोंदल्याशिवाय शेवटचा हप्ता मोकळा करू नये.